पेडलचा टिकाऊपणा आणि दुरुस्तीची परंपरा : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

सारांश :
सायकलच्या सर्व सुट्या भागांमध्ये पेडल हा भाग आकाराने लहान, परंतु सर्वाधिक ताण सहन करणारा आहे. डोंगरी वाटांसाठी तयार होणारी महागडी पेडल्स ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात वापरात आल्यानंतर त्यांच्या टिकाऊपणाविषयी अनेक प्रश्न निर्माण झाले. या प्रश्नांचे उत्तर साधारणतः धातूच्या दर्जात शोधले जाते. प्रस्तुत निबंधात ते उत्तर इतिहासात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. पेडलचे आयुष्य धातूइतकेच ते उघडून पुन्हा जुळविणाऱ्या कारागिरावर अवलंबून असते, आणि महागड्या पेडलसोबत तो कारागीर व त्याची हत्यारे आली नाहीत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सायकल, पेडल, धातूचा थकवा, दुरुस्ती, लघुउद्योग, ठाणे, कल्याण-डोंबिवली.

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोध आणि संशोधक यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे दुरुस्तीला व दुरुस्ती करणाऱ्याला मिळत नाही. वस्तू केव्हा निर्माण झाली याची नोंद होते. ती किती वर्षे चालली, कोणी चालती ठेवली आणि शेवटी कशामुळे निकामी झाली याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः सामान्य माणसाच्या जीवनात वस्तूचे महत्त्व तिच्या जन्मापेक्षा तिच्या टिकण्याने ठरते.

सायकलच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. १८६० च्या दशकात पॅरिस येथे पिएर मिशो याच्या कारखान्यात पुढच्या चाकाला क्रँक व पेडल जोडलेली वाहने तयार होऊ लागली. पिएर लालमाँ याने १८६६ मध्ये अमेरिकेत अशाच वाहनाचे पेटंट मिळविले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल आली आणि पेडलची शक्ती साखळीद्वारे मागच्या चाकाला देण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हापासून पेडलचे स्थान बदललेले नाही. बदलले ते पेडलचे अंतरंग आणि त्याची निगा राखणारी व्यवस्था. या दोन बदलांचा परस्परसंबंध तपासणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

पेडलची रचना व नाशाचे दोन प्रकार :
पेडलचे मुख्य भाग तीन : क्रँकमध्ये आट्यांनी बसणारा पोलादी आस, त्याभोवती फिरणारे पेडलचे अंग आणि या दोहोंमधील बेअरिंग. पारंपरिक पेडलमध्ये कप, कोन आणि सुटे छर्रे असत. उजव्या पेडलचे आटे सरळ, तर डाव्याचे उलटे असतात. फिरत्या भारामुळे आस हळूहळू सैल होण्याची जी प्रवृत्ती असते, तिला या योजनेने प्रतिबंध होतो. 'डावे पेडल उलटे फिरवून काढायचे' हा सायकलच्या दुकानातील नवशिक्या मुलाचा पहिल्या धड्यांपैकी एक धडा असतो. त्यामागे यंत्रशास्त्राचे एक सूक्ष्म तत्त्व दडलेले आहे.

पेडलचा नाश दोन प्रकारे होतो : ते तुटते किंवा ते झिजते. तुटण्याचे कारण समजून घेण्यासाठी रेल्वेच्या इतिहासाकडे वळावे लागते. १८४२ मध्ये पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. वरकरणी धडधाकट दिसणारा आस साध्या भाराखाली कसा तुटतो, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने १८५० व १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रदीर्घ प्रयोग केले. एका वेळी सहज पेलला जाणारा भार लक्षावधी वेळा दिल्यास धातूत तडा निर्माण होतो, हे त्याने दाखवून दिले. यालाच धातूचा 'थकवा' म्हणतात. पोलादाच्या बाबतीत विशिष्ट मर्यादेखालील ताण कितीही वेळा दिला तरी चालतो. ॲल्युमिनियमला अशी सुस्पष्ट मर्यादा नाही. पोलादाची ही मर्यादाही गंज चढल्यावर विश्वासार्ह राहत नाही.

पेडलचा आस एकाच टोकाला धरलेला असतो. त्यामुळे तो वाकविणारा भार क्रँकलगतच्या भागात सर्वाधिक असतो, आणि नेमका तेथेच आसाचा व्यास बदलतो व आटे सुरू होतात. तडा बहुधा येथून सुरू होतो. मिनिटाला ७० फेरे या गतीने तासाभरात ४,२०० फेरे होतात. दर रविवारी दोन तास सायकल चालविणाऱ्या व्यक्तीच्या पेडलचे वर्षाकाठी चार लाखांहून अधिक फेरे होतात. हा आकडा लक्षात घेता पेडल तुटणे हे आश्चर्य नसून, ते सहसा तुटत नाही हेच आश्चर्य होय.

झिजणे हा नाशाचा दुसरा प्रकार संथ असतो. ग्रीस वाहून जाते, पाणी व माती आत शिरते, छर्रे गंजतात आणि कोनावर खळगे पडतात. हा नाश थांबविता येतो, मात्र पेडल वेळीच उघडले गेले पाहिजे. तुटण्यापासून संरक्षण कारखाना देतो. झिजण्यापासून संरक्षण दुरुस्तीचे दुकान देते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

बेळगाव ते वरळी : सायकल आणि मराठी उद्योगविश्व :
मराठी मुलखात यंत्रोद्योगाचा एक महत्त्वाचा प्रारंभ सायकलच्या दुकानातून झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगाव येथे १८८८ मध्ये सायकलविक्री व दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत होते. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी हा इतिहास सर्वपरिचित आहे. येथे नोंदविण्याजोगी गोष्ट एवढीच की, परदेशी बनावटीची वस्तू प्रथम विकणे, नंतर दुरुस्त करणे आणि त्या ओघात स्वतः यंत्रे घडविण्यापर्यंत पोहोचणे, असा हा क्रम होता. दुरुस्ती ही निर्मितीची पहिली पायरी ठरली.

सायकलच्या सहनशक्तीची कसोटी मुंबईकरांनी फार लवकर पाहिली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा या तिघांनी सुमारे ७१,००० किलोमीटरचा हा प्रवास १९२८ मध्ये पूर्ण केला. वाळवंटे व जंगले ओलांडणाऱ्या अशा प्रवासात यंत्राची सर्वांत मोठी गुणवत्ता म्हणजे ते कोठेही, मोजक्या हत्यारांनी उघडता येणे हीच असणार, हे उघड आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्स हा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर (१९४९), सोनीपत (१९५१), आसनसोल (१९५२) व लुधियाना (१९५६) येथे मोठे सायकल उद्योग सुरू झाले. सायकलचे अनेक सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखीव ठेवण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले, आणि लुधियाना हे सुट्या भागांच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र बनले. वरळीचा कारखाना मात्र आजारी पडला. १९८० च्या कायद्यान्वये हिंद सायकल्स व सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करण्यात आले; वरळीचा उद्योग नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे गेला आणि कालांतराने तोही बंद पडला.

ठाणे-कल्याण : स्टेशन, दुकान आणि वर्कशॉप :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे धावली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. या परिसराचे पुढील नगरजीवन स्टेशनभोवती गुंफले गेले. स्टेशनपासून दूर राहणाऱ्या नोकरदाराला व कामगाराला सायकल हा परवडणारा दुवा होता. स्टेशनजवळचे सायकल स्टँड, तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने आणि पंक्चर काढणारा कारागीर हे या नगरजीवनाचे परिचित घटक होते.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. पाठोपाठ डोंबिवली व ठाणे-बेलापूर पट्ट्यातही औद्योगिक क्षेत्रे विकसित झाली. कळवे येथे मुकुंद कंपनीच्या कारखान्यात मिश्रपोलाद तयार होत असे, जे. के. फाइल्सच्या रूपाने ठाण्यात कानशी घडविण्याचा मोठा उद्योग होता. कातारी, पिळे पाडणारे व पोलादाला पाणी देणारे कुशल कामगार या पट्ट्यात वास्तव्यास होते. पेडलचा आस घडविण्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान येथे उपलब्ध होते. तथापि पेडल येत असे ते प्रामुख्याने लुधियानाहून. या परिसराचे योगदान निर्मितीत नव्हे, तर दुरुस्तीत दिसते.

त्या दुरुस्तीची पद्धत ठरलेली होती. पावसाळ्यानंतर सायकल 'ओव्हरहॉलिंग'ला दिली जाई. पेडल खोलून छर्रे रॉकेलमध्ये धुतले जात, खराब झालेले बदलले जात, कोन झिजला असल्यास नवा टाकला जाई आणि ग्रीस भरून पेडल पुन्हा जुळविले जाई. कोन किती कसावा याचे मोजमाप कोठे लिहिलेले नव्हते. पेडल बोटाने फिरवून त्याचा आवाज व हेलकावा यांवरून कारागीर ते ठरवीत असे. ते पेडल हलक्या दर्जाचे असे, छर्रे लवकर झिजत, रबराच्या विटा निघून येत. परंतु ते अनेकदा उघडले जाई व म्हणून वर्षानुवर्षे चाले. दर्जातील उणीव निगेने भरून निघत असे.

'रिपॅक' ते क्लिपलेस : डोंगरी सायकलचा विकास :
डोंगरी सायकलचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मॅरिन परगण्यात १९७० च्या दशकात झाला. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आदी तरुण १९३० व १९४० च्या दशकांतील जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावीत. १९७६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीचे नाव होते 'रिपॅक'. उतारावर सतत ब्रेक लावल्याने मागच्या हबमधील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणजेच या क्रीडाप्रकाराच्या पहिल्या प्रसिद्ध शर्यतीला नाव मिळाले ते दुरुस्तीच्या एका कृतीवरून. हा तपशील सूचक आहे.

त्यानंतर मात्र विकासाची दिशा बदलली. १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' ही सायकल बाजारात आली व डोंगरी सायकलचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. १९८४ मध्ये फ्रान्सच्या 'लूक' कंपनीने बर्फावरील स्कीच्या बांधणीपासून स्फूर्ती घेऊन बूट अडकविणारे पेडल आणले. १९८५ मध्ये बर्नार इनोने अशी पेडल्स वापरून 'टूर द फ्रान्स' जिंकली. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने चिखलवाटांसाठी लहान खिळीचे 'एस.पी.डी.' पेडल आणले, आणि २००१ मध्ये 'क्रँक ब्रदर्स' कंपनीचे चारही बाजूंनी बूट अडकविता येणारे 'एगबीटर' पेडल आले. चिखल अडकून राहू नये म्हणून त्याचे अंग जवळपास उघडेच ठेवले होते.

या प्रवासात वजन घटविण्याची स्पर्धा वाढली. सुट्या छर्ऱ्यांऐवजी अनेक पेडलांत बंदिस्त कार्ट्रिज बेअरिंग व लहान बुश आले. काही आस टायटेनियमचे झाले आणि त्यांच्यासोबत स्वाराच्या वजनाची मर्यादा आली. जेवढी जागा कमी, तेवढे बेअरिंग लहान, आणि बेअरिंग लहान तेवढी निगेची गरज अधिक, असे हे गणित आहे. सर्वच महागडी पेडल्स दुरुस्तीला बंद होती असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीला धरून होणार नाही. शिमानोने आपल्या अनेक पेडलांत कप-कोनाची जुनी रचना कायम ठेवली. क्रँक ब्रदर्सने बेअरिंग, बुश व सील यांचे दुरुस्ती-संच विक्रीस ठेवले. पेडल उघडता येत होते. ते उघडण्यासाठी विशिष्ट खाचांचे हत्यार, योग्य मापाचा संच आणि माहितगार हात यांची गरज होती.

आयात खुली झाल्यानंतर :
भारतात १९९० च्या दशकात जाड टायरच्या देशी सायकली लोकप्रिय झाल्या. परंतु त्यांचे पेडल अंतर्बाह्य जुन्याच पद्धतीचे होते. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठले. त्यानंतर परदेशी बनावटीच्या सायकली व सुटे भाग महानगरांच्या बाजारपेठेत दिसू लागले. ठाण्याच्या येऊरच्या चढणीवर, घोडबंदर मार्गावर, कल्याणजवळ मलंगगडाच्या दिशेने व टिटवाळा-मुरबाडच्या रस्त्यांवर पहाटे सायकल चालविणाऱ्यांचा नवा वर्ग तयार झाला.

या वर्गाच्या पेडलसमोर येथील हवामानाचे आव्हान होते. ठाणे परिसरात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सर्व चार महिन्यांत कोसळतो. खाडीकाठची दमट, खारी हवा वर्षभर असते. लाल माती पाण्यात विरघळून लहानशा फटीतूनही आत शिरते. त्यात चिखल काढण्यासाठी जोरदार फवाऱ्याने सायकल धुतली जाते. या फवाऱ्याने माती निघते, पण सीलखालून पाणीही आत ढकलले जाते. पोलादी आस ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये ग्रीसविना बसविला असल्यास दोन धातूंमधील विद्युत्-रासायनिक क्रियेने तो तेथेच घट्ट जखडतो आणि काढताना क्रँकचे आटे निघून येतात.

येथे इतिहासातील विसंगती ठळक होते. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या जुन्या काळ्या सायकलच्या पेडलचे आटे आणि आधुनिक महागड्या पेडलचे आटे एकाच मापाचे, म्हणजे नऊ-सोळांश इंच व्यासाचे व इंचाला २० पिळ्यांचे आहेत. क्रँकशी असलेले नाते कायम राहिले. कारागिराशी असलेले नाते तुटले. जुन्या दुकानदाराकडे पेडल उघडण्याचे कसब होते, पण नव्या पेडलचे हत्यार व संच नव्हते. नव्या वातानुकूलित दालनात नवे पेडल विकले जात होते, पण शेदीडशे रुपयांच्या बेअरिंगसाठी तासभर खर्च करणे तेथील व्यवहारात बसत नव्हते. परिणामी कित्येकदा आस व अंग शाबूत असलेले पेडल केवळ बेअरिंग गेले म्हणून टाकून दिले जाते. अशा पेडलला तांत्रिकदृष्ट्या निकामी म्हणणे योग्य ठरत नाही. ते निराधार झालेले असते.

चाचणी आणि वास्तव :
टिकाऊपणाची औपचारिक व्याख्या प्रमाणसंस्था करतात. सायकलच्या सुरक्षिततेसाठीच्या आय.एस.ओ. ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या आठव्या भागात पेडलच्या चाचण्या दिल्या आहेत. डोंगरी सायकलच्या पेडलवर ९० किलोग्रॅमचा भार टांगून आस १ लाख वेळा फिरविला जातो. मिनिटाला ७० फेरे धरल्यास हे सुमारे २४ तासांचे चालविणे होते. चाचणीतील भार नित्याच्या चालविण्यापेक्षा कठोर असतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही ही चाचणी तुटण्याविषयी बोलते. चिखल, पाऊस व खारी हवा तिच्यात नाहीत. पेडल किती वेळा उघडून पुन्हा जुळविता येईल, हा प्रश्न तर तिच्या कक्षेबाहेरचाच आहे.

केवळ किमतीवरून टिकाऊपणा ठरत नाही, याचे उदाहरण पेडलच्या शेजारच्या भागातून मिळते. दोन भाग चिकटवून तयार केलेले, उच्च श्रेणीच्या रस्ता-सायकलींचे क्रँक सुटत असल्याच्या तक्रारींनंतर सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो कंपनीने तपासणी मोहीम जाहीर केली. जुलै २०१९ पूर्वी तयार झालेले असे सुमारे ६ लाख ८० हजार क्रँक एकट्या अमेरिकेत या मोहिमेत आले. चिकटविलेला जोड सुटल्यास स्थानिक कारागिराच्या हाती काहीच उरत नाही. संपूर्ण भाग बदलणे हाच मार्ग राहतो.

भारतात जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे प्रारंभी निवडण्यात आली. सायकलचा त्यात स्वतंत्र समावेश नाही. ज्या वस्तूच्या दुरुस्तीने मराठी मुलखात यंत्रोद्योगाची एक वाट उघडली, तीच वस्तू या चर्चेत मागे राहावी, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, पेडलच्या टिकाऊपणाचे दोन घटक आहेत : धातूचे बळ आणि निगेची सोय. पहिला घटक गेल्या शतकात निश्चितच वाढला, दुसरा घटला. दोन, जुने साधे पेडल दीर्घकाळ चालले याचे श्रेय त्याच्या दर्जाला कमी आणि ते उघडणाऱ्या कारागिराला अधिक आहे. तीन, ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात महागड्या पेडलचे अल्पायुष्य हे केवळ पावसाचे किंवा धातूचे अपयश नसून, वस्तू आयात झाली आणि तिच्या निगेचे ज्ञान आयात झाले नाही, याचा तो परिणाम आहे.

या परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आधुनिक सायकलच्या बेअरिंगचे काम अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमात घेतल्यास कातकामाचे जुने कसब व नवे हत्यार यांची भेट होऊ शकेल. इतिहासाच्या अभ्यासकांसमोरील काम अधिक निकडीचे आहे. कोन बोटाच्या स्पर्शाने कसणाऱ्या पिढीतील कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांचे ज्ञान प्रायः हातात व स्मरणात आहे, कागदावर नाही. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्यांच्या मुलाखती घेऊन हे ज्ञान नोंदविणे आवश्यक आहे. गंजलेला छर्रा बदलता येतो. हे ज्ञान एकदा लोपल्यावर ते पुन्हा मिळविण्याचे साधन इतिहासाकडे नाही.